चिखलात सगळ्याच उभ्या असतात, मग पाय एकीचेच का चिघळतात?

कुणग्यातली

नमस्कार मंडळी. आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच लिहिते आहे. थोडे लांबेल, पण सगळे सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही कुडाळ तालुक्यातले. घरची भातशेती आहे. लावणी घरच्याच बायका करतात, दोघी-तिघी पैऱ्याला (एकमेकींच्या शेतात आळीपाळीने काम) येतात. आषाढात एकदा लावणी धरली की सकाळी चिखलात उतरायचे, पेजेपुरते बांधावर यायचे आणि पुन्हा दिवेलागणीपर्यंत चिखलात. डोक्याला-पाठीला इरले असते, प्लास्टिक असते. पायांना काही नसते.

चिखल्या आम्हा सगळ्यांनाच होतात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, खाजते, रात्री आग होते. माझ्या आणि जाऊबाईंच्या पायांना एक-दोन दिवस उघाडी मिळाली की सुकून जातात. सासूबाईंच्या सुकत नाहीत. त्यांच्या उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, यांच्यामधली बेचकी दर पावसात फाटते. पांढरा पापुद्रा बोट लावले तरी निघून येतो, खाली लालभडक असते, पाणी झिरपते, वास येतो. गेल्या पावसात तिथूनच पाय सुजला. घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल, हात ठेववत नाही इतका तापलेला, हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधाण (सुजलेली दुखरी गाठ). दवाखान्यात ठेवावे लागले, शिरेतून अँटिबायोटिक दिले. सेल्युलायटिस (कातडीतला आणि तिच्या खालचा जंतुसंसर्ग) झालाय, जंतू बेचकीतून शिरले, एवढे डॉक्टरांनी सांगितले.

सध्या सासूबाई काय करतात ते लिहिते. घरी आल्यावर अंगाच्या जंतुनाशक साबणाने पाय घासून धुतात, तेही दिवसातून बऱ्याच वेळा. मग बाटलीतला जंतुनाशक द्रव, पाणी न घालता, कापसाने बेचकीत. टाचांच्या भेगांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल). आणि खाज फार झाली की मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब, तिने दोन दिवसांत लाली जाते पण पंधरवड्यात पुन्हा तेच.

माझा प्रश्न औषधाचा नाही. चिखल एक, पाणी एक, जंतूही तेच असणार. मग आमचे पाय निभावतात आणि त्यांचे का नाही? जंतू रोखण्याची कातडीची स्वतःची काही ताकद असते का? असेल तर ती कशात असते आणि कमी कशाने होते? गावात एकजण इम्युनिटी वाढवण्याचे सरबत विकतो, ते घ्यावे का असेही सासूबाई विचारतात.

बांधावरून

ताई, मी माणगावकडचा. गमबूट घाला असा सल्ला इथे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट पायातून निघून चिखलात राहतो. वाकून लावणी करणाऱ्या बाईला तो घालून उलटे सरकता येत नाही. आणि बुटात वरून एकदा पाणी गेले की दिवसभर पाय त्याच पाण्यात. माझे वडील फवारणीला आणि बांध घालायला गमबूट वापरतात, तिथे तो उपयोगाचा आहे. लावणीला नाही.

आमच्या घरी खाचरात उतरण्याआधी बोटांच्या मधे खोबरेल तेल चोपडतात. आजीपासूनची पद्धत आहे. त्यामागे शास्त्र काय ते जाणकारांनी सांगावे, पण ज्या दिवशी तेल राहून जाते त्या रात्री फरक कळतो.

दुसरे म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. तुमच्या जिल्ह्यात दर पावसात ऐकू येतो. उंदराच्या मुतातले जंतू फाटलेल्या कातडीतून सहज शिरतात. त्यामुळे सासूबाईंची बेचकी उघडी असताना त्यांना चिखलात उतरू देऊ नका, ही हात जोडून विनंती.

सूक्ष्मदर्शक

ताई, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण तुम्ही विचारलेत तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि प्रश्न अगदी नेमका विचारला आहे.

ताकद असते. आणि ती रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाग्या व्हायच्या आधीपासून चालू असते, अगदी वरच्या थरात, चोवीस तास.

आधी जंतूंचे बोलू. दर वर्षी मी मुलांना एक प्रयोग देते. मॅनिटॉल ही एक साखर आणि साडेसात टक्के मीठ घातलेल्या आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बश्या घ्यायच्या. एवढ्या मिठात बहुतेक जंतू वाढत नाहीत, पण त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस वाढतात. एका बशीवर हाताच्या आतल्या बाजूचा बोळा फिरवायचा, दुसरीवर नाकपुडीतला, तिसरीवर पायाच्या बेचकीतला. बश्या ३७ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी बघायच्या. हाताच्या बशीवर तुरळक बारीक ठिपके असतात, आगरचा लाल रंग तसाच. हे बहुतेक स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, आपल्या अंगावरचे कायमचे रहिवासी. नाकाच्या बश्यांपैकी काहींत ठिपक्यांभोवती आगर पिवळे पडलेले असते. तो बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस, गळू आणि केसतोड करणारा. साधारण दर तीन निरोगी माणसांमागे एकाच्या नाकात तो असतो आणि त्या माणसाला काही होत नाही. पावसात भिजलेल्या बुटांतून आलेल्या मुलांच्या बेचकीची बशी मात्र अशी भरून येते की एक ठिपका दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही.

म्हणजे जंतू सगळ्यांवर आहेत. तुमच्यावर, जाऊबाईंवर, माझ्यावर. चिघळणे न चिघळणे हे जंतू आहेत की नाहीत यावर ठरत नाही, त्यांना वाढायला आणि आत उतरायला वाव मिळतो की नाही यावर ठरते.

वाव कोण देत नाही? सगळ्यात वर मेलेल्या, चपट्या पेशींचा थर असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. तळपायाला कितीतरी जास्त. पेशींमधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. खालून नव्या पेशी येतात, वरच्या झडतात, आणि झडताना स्वतःवर बसलेले जंतू घेऊनच जातात. हा थर कोरडा असतो. जंतूला वाढायला पाणी लागते, आणि कोरड्या कातडीवर ते त्याला मिळत नाही.

शिवाय हा थर आंबट असतो. निरोगी कातडीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप, पाचच्या आसपास असतो; हा आकडा सातपेक्षा जितका कमी तितके जास्त आंबट. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी १९२८ मध्येच या आम्ल आवरणाबद्दल लिहून ठेवले आहे. घामातले लॅक्टिक आम्ल, मेदाम्ले आणि फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे यांच्यापासून ही आम्लता येते. ऑरियसला ती मानवत नाही, एपिडर्मिडिसला चालते. पण माझ्या मते तिचे मोठे काम दुसरेच आहे. सेरामाइड तयार करणारी एन्झाइम या आम्लतेतच नीट चालतात. पीएच सातकडे सरकला की ती मंदावतात आणि पेशींना एकमेकींपासून सोडवणारी एन्झाइम जोर धरतात. म्हणजे दुरुस्ती थांबते आणि सुटणे वाढते, दोन्ही एकाच वेळी.

त्या कायमच्या रहिवाशांचेही काम आहे. दाट लावलेल्या भातात तणाला जागा आणि ऊन मिळत नाही, तसे एपिडर्मिडिसने व्यापलेल्या कातडीवर परक्या जंतूला बस्तान बसवणे अवघड जाते. नुसती जागा अडवून तो थांबत नाही. एपिडर्मिडिसच्या काही वाणांतून निघणारे एक एन्झाइम नाकातल्या ऑरियसला घट्ट थर धरू देत नाही, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. सासूबाई न मिसळता जो द्रव लावतात तो या दोघांत फरक करत नाही, आणि उघड्या मांसाला जाळतो ते वेगळेच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कातडीच्या जिवंत पेशी स्वतः जंतुनाशके बनवतात. ही छोटी प्रथिने असतात, त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, जंतूच्या आवरणावर ऋण. ती त्या आवरणाला चिकटतात आणि त्याला भोके पाडतात. यांतल्या एकाचा शोध कसा लागला ते ऐका, तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. सोरायसिसच्या चट्ट्यांवर कातडी फुटलेली, पापुद्रे निघालेले, तरी तिथे जंतुसंसर्ग क्वचितच होतो. जर्मनीतल्या कील शहरात हार्डर आणि श्रोडर यांनी त्या पापुद्र्यांतूनच एक प्रथिन वेगळे काढले आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केले: मानवी बीटा-डिफेन्सिन-२. पुढे याच गटाने आणखी एक शोधले, बीटा-डिफेन्सिन-३, जे ऑरियसलाही मारते. २००१ मध्ये ट्युबिंगेनच्या संशोधकांना घामात डर्मसिडिन सापडले. घाम ग्रंथीतून बाहेर येतो तोच हे जंतुनाशक घेऊन.

आणि मग २००२ मध्ये कळले की इसब असलेल्यांच्या कातडीत यांतली काही प्रथिने सोरायसिसवाल्यांपेक्षा फार कमी तयार होतात. इसबाची कातडी ऑरियसने वारंवार चिघळते ती का, याचा मोठा उलगडा त्यातून झाला. दोन्ही रोगांत कातडी फुटलेलीच, तरी एकीवर जंतू माजतात आणि दुसरीवर नाही. पैऱ्याच्या दोन बायकांच्या पायांतही असा फरक असू शकतो, आणि त्याला त्या बायकांची स्वच्छता किंवा निष्काळजीपणा जबाबदार नसतो. सासूबाईंना हे जरूर सांगा. आपण काहीतरी घाणेरडे वागतो म्हणून आपल्याला होते असे खूप बायकांना वाटते.

आता पाण्याकडे येते. १९७८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. निरोगी माणसांच्या हाताच्या कातडीवर प्लास्टिक घट्ट बांधून ठेवले, बाकी काही केले नाही. कोणताही जंतू बाहेरून लावला नाही. सुरुवातीला चौरस सेंटीमीटरला दोनशेहूनही कमी जंतू होते. चौथ्या दिवशी ते पंचेचाळीस लाखांच्या आसपास गेले. पीएच ४.३८ वरून ७.०५ वर. नुसती ओल बाहेर पडू दिली नाही तर एवढे होते. बेचकीत तर मुळातच हवा कमी आणि आम्लता कमी. करंगळीच्या शेजारची बेचकी सगळ्यांत अरुंद, म्हणून चिखल्यांची सुरुवात बहुतेकदा तिथूनच. त्यात दिवसभर पाणी. तो मेलेल्या पेशींचा थर फुगतो, पांढरा पडतो, त्यातले स्निग्ध पदार्थ आणि आम्ले धुऊन जातात. तळपायाला तेलग्रंथी नसतातच, त्यामुळे गेलेले तेल तिथे आतून भरून येत नाही. तेल चोपडण्याचे कारण बांधावरून यांनी विचारले ते हेच. तेलाने जंतू मरतात म्हणून नव्हे, कातडी पाणी कमी पिते म्हणून. पण ते कोरड्या, अखंड कातडीला लावायचे. फाटलेल्या ओल्या बेचकीत तेल कोंबले तर ओल आतच राहते.

सासूबाईंच्या बाबतीत मला तीन गोष्टी वाटतात. वयामुळे कातडीची आम्लता कमी होते आणि दुरुस्ती हळू चालते. साबणाच्या वड्यांचा पीएच नऊ-दहा असतो. एकदा धुतल्यावर चढलेला पीएच उतरायला काही तास लागतात, आणि पुन्हापुन्हा धुतले तर तो उतरायला सवडच मिळत नाही. तिसरी म्हणजे गेल्या वर्षीचा सेल्युलायटिस. त्याने पायातल्या लसीकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचे पाणी (लसीका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, दुखावतात, पाणी नीट वर ओढले जात नाही, आणि म्हणून ज्याला एकदा झाला त्याला पुन्हा होण्याचा संभव जास्त. चौथीही आहे, रक्तातली साखर. तपासली आहे का?

सरबताचे उत्तर सोपे आहे. सरबत पिऊन बेचकी सुकत नाही. ते पैसे वाचवून जुन्या मऊ सुती कापडाचे फडके आणि पायांना वारा देणारा पंखा वापरा.

कुणग्यातली

मॅडम, सासूबाईंना वाचून दाखवले. घाणेरडेपणाचे वाक्य दोनदा वाचायला लावले. साखर कधीच तपासलेली नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ट्यूबवर बघितले, अक्षर फार बारीक आहे, मुलाने मोबाईलवर फोटो मोठा करून वाचले. तीन नावे आहेत: क्लोबेटासॉल, मायकोनाझोल, निओमायसिन. ही चालेल का? आणि रोग पायाच्या बोटात असताना अवधाण जांघेत का येते?

वैनगंगा

मॅडम, बाकी सगळं पटलं, पण साबणाबद्दल थोडं थांबा. मी भंडारा जिल्ह्यात आरोग्य कर्मचारी आहे. आमच्याकडे रोवणी म्हणतात, बांधीतला चिखल मात्र तुमच्यासारखाच. माझ्याकडे हत्तीपायाचे रुग्ण आहेत आणि त्यांना मी गेली कित्येक वर्षं साबणानं पाय धुवायलाच शिकवतो. तुमचं वाचून कोणी साबणच बंद केला तर नुकसान होईल.

हत्तीपायाच्या माणसाला मधूनमधून झटका येतो. थंडी वाजून ताप, पाय लाल, जांघेत गाठ. अगदी ताईंनी सासूबाईंचं लिहिलंय तसं. लोकांना वाटतं आतली कृमी जागी झाली. खरं कारण बहुतेक वेळा जंतू असतात, आणि ते शिरतात बोटांच्या बेचकीतून आणि घड्यांमधल्या चिरांमधून. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रायर यांनी १९९० च्या दशकात रुग्णांना रोज पाय धुऊन कोरडे करायला शिकवलं आणि झटके कमी होतात हे दाखवलं. आज आपल्या सरकारी कार्यक्रमातही तेच शिकवतात. टब, मग, साबण, टॉवेल असा संच रुग्णाला मिळतो.

मी काय करून दाखवतो ते लिहितो. पाणी कोमट किंवा साधं, गरम नाही. साबण आधी हातावर घेऊन फेस करायचा, वडी पायावर घासायची नाही. ब्रश नाही, दगड नाही. प्रत्येक बेचकीत बोट घालून हळू फिरवायचं. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओतायचं, बेचकीत फेस राहिला तर तोच झोंबतो. मग टिपायचं, पुसायचं नाही. बोटं जाड सुजलेली असली तर टॉवेल आत जातच नाही, तिथं पातळ कापडाची किंवा गाजची पट्टी दोन बोटांमधून अलगद ओढून काढायची. ती पट्टी कोरडी बाहेर येईपर्यंत नवी घ्यायची. शेवटची गोष्ट लोक हमखास सोडतात, कारण कंटाळा येतो. माझ्या एका रुग्णबाईनं ती मनावर घेतली, तिची नात रोज संध्याकाळी पट्ट्या कापून ठेवते. या पावसाळ्यात बाईंना झटका आलेला नाही.

सूक्ष्मदर्शक

वैनगंगा, तुम्ही लिहिलेत ते मी वर्गात वाचून दाखवणार आहे. साबण बंद करा असे मला म्हणायचे नाही. चिखल, शेण, मेलेल्या पेशींचा लगदा हे पाण्याने एकट्याने निघत नाही. संध्याकाळी एकदा, तुम्ही सांगितले तसे, साध्या साबणाने. दिवसभरात पुन्हापुन्हा नको आणि ‘जंतुनाशक’ लिहिलेलाच हवा हा हट्ट नको. बाकी वेळेला स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे केले तरी पुरे.

व्हिएतनाम युद्धात मेकाँगच्या भातखाचरांत दिवसेंदिवस ओल्या बुटांत फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांचे पाय असेच निकामी होत. त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बराच अभ्यास केला आणि निष्कर्ष घड्याळावर आला: सलग किती तास पाय ओले आणि मधे किती तास कोरडे. म्हणून मला वाटते, ताई, रात्रीचे तास तुमच्या हातात आहेत ते पूर्ण कोरडे द्या. दिवसा पेजेला बांधावर याल तेव्हा सासूबाईंचे पाय धुऊन, टिपून, जेवण होईपर्यंत तरी उघडे ठेवा.

जांघेतल्या अवधाणाबद्दल. बेचकीत चीर पडली आणि जंतू खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोचला की त्या पेशी त्याला ओळखतात. जंतूच्या आवरणात असे काही घटक असतात जे माणसाच्या पेशीत नसतात, आणि कातडीच्या पेशींवर ते घटक पकडणारे ग्राहक असतात. लगेच मी वर लिहिलेल्या प्रथिनांचे उत्पादन वाढते आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावणारी रसायने सुटतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. न्यूट्रोफिल वाहिन्यांतून बाहेर येऊन जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच, मेलेल्या न्यूट्रोफिलांचा. रक्तात साखर सतत चढलेली असली तर या पेशी वेळेवर पोचत नाहीत आणि गिळलेला जंतू नीट मारत नाहीत, म्हणून साखरेचे विचारले.

कातडीत आणखी एक पेशी असते, फांद्या पसरलेली. पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याला बर्लिनमध्ये १८६८ मध्ये ती सोन्याच्या क्षाराने रंगवताना दिसली. त्याला ती मज्जातंतूची पेशी वाटली. तिचे खरे काम शंभर वर्षांनी कळत गेले: ती जंतूचे तुकडे उचलते आणि लसीकावाहिनीतून जवळच्या गाठीकडे जाते, आणि तिथे ते तुकडे टी पेशींना (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) दाखवते. पायाची लसीका जांघेतल्या गाठींत जाते. तिथे पेशी भराभर वाढू लागल्या, किंवा जंतूच तिथवर पोचले, की गाठ सुजते आणि दुखते. म्हणून अवधाण शेकत, चोळत बसू नका. ते बसवायचे नसते. पायातला संसर्ग आवरला की ते आपोआप ओसरते.

ट्यूबबद्दल डॉक्टरांनी बोलावे, पण एवढे सांगते. क्लोबेटासॉल हे फार तीव्र स्टेरॉइड आहे. मी आत्ता जे जे वर्णन केले, लाली, पेशींचे येणे, रसायनांचे सुटणे, ते सगळे ते दाबते. कातडी पातळ करते. लाली दोन दिवसांत जाते ती जंतू गेले म्हणून नव्हे, त्यांच्याशी चाललेले काम थांबले म्हणून.

त्वचावैद्य

मी तालुक्याच्या गावी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पिशवीत ही तिहेरी ट्यूब असते आणि मला ती बघून खरेच वाईट वाटते. ताई, ती आजच बंद करा. बंद केल्यावर काही दिवस खाज आणि लाली वाढल्यासारखी वाटेल, तेव्हा घाबरून पुन्हा सुरू करू नका.

सासूबाईंच्या बेचकीत नक्की काय आहे ते बघून आणि तपासूनच कळेल. बुरशी असू शकते, कॅन्डिडा (यीस्ट जातीची बुरशी) असू शकतो, जंतू असू शकतात, बहुतेकदा हे एकावर एक असतात. आम्ही पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघतो. वुड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) बेचकी पोवळ्याच्या रंगाची चमकली तर तो कोरिनेबॅक्टेरियम या जंतूचा एरिथ्राझ्मा नावाचा संसर्ग, त्याचे औषध वेगळे. हिरवट स्राव आणि उग्र वास असेल तर स्यूडोमोनास या जंतूचा विचार करावा लागतो. तळव्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि वास असेल तर तेही दाखवा, तो जंतूंनीच पोखरलेला वरचा थर असतो आणि लवकर बरा होतो. येताना ट्यूब, गेल्या वर्षीची दवाखान्याची कागदपत्रे आणि उपाशीपोटीच्या साखरेचा रिपोर्ट घेऊन या.

येण्याआधी बेचकीत हळद, चुना, राख, मेंदी काही लावू नका, मला खालचे काही दिसत नाही.

पाय पुन्हा लाल होऊन तापला, लाली तासातासाला वर सरकतेय असे वाटले, किंवा थंडी वाजून ताप आला तर माझ्या वेळेची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा. आणि बांधावरून यांनी लेप्टोचे लिहिलेले अगदी बरोबर. चिखलात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्या भयंकर दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यांतले काही दिसले तर ‘लावणी चालू आहे’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लेप्टोच्या भागात डॉक्सीसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्यांचे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मनाने घेऊ नका, त्या सगळ्यांना चालत नाहीत.

कुणग्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी कुडाळला घेऊन जाते आहे. यंदाची लावणी संपेपर्यंत सासूबाईंनी चिखलात उतरायचे नाही असे घरात ठरले आहे, त्या खळ्यावर बसून स्वयंपाकाचे आणि गुरांचे बघतील. त्यांना ते फारसे रुचलेले नाही.

वैनगंगा दादा, पट्टीला गाजच हवी की जुन्या सुती साडीची चालेल? घरात साड्या पुष्कळ आहेत.

वैनगंगा

साडीची चालेल, धुऊन उन्हात किंवा चुलीजवळ पूर्ण वाळवलेली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब कापा. एकदा वापरलेली पट्टी पुन्हा त्याच बेचकीत नको, उकळून वाळवून मगच.